यूकेचा स्टुडंट व्हिसा नाकारला : फेरतपासणी मागायची की नव्यानं अर्ज करायचा?

अरुणावतीकाठ
दिग्रस तालुक्यातल्या एका मुलीसाठी विचारतो आहे. यूकेचा स्टुडंट व्हिसा नाकारला. एक वर्षाचं एमएस्सी, विद्यापीठ लंडनबाहेरचं, वर्ग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू. अर्ज ऑक्टोबरअखेर भरला होता, नकार नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ईमेलनं आला. पत्राच्या शेवटी २८ दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू (निर्णयाची फेरतपासणी) मागता येईल असं लिहिलं आहे. पैसा वडिलांच्या नावानं जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे. शेतकरी कुटुंब, आयकर विवरणपत्र नाही. एजंट सांगतो, रिव्ह्यूत दम नाही, पुन्हा फी भरा. घरचे म्हणतात, आपली चूक नसताना दुसऱ्यांदा फी कशाला? जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी गडी
पयले हे पाहा भाऊ, का तो ईमेल कोनाच्या मोबाईलवर हाये. लय ठिकानी एजंटच खातं उघडते आन् पासवर्ड त्याच्याच जवळ रायते. मंग पत्र येऊन पंधरा दिवस झाले तरी घरच्याईले पत्ता नाही. २८ दिवस मोजतात ते पत्र मिळाल्या दिवसापासून, आपन ते वाचलं त्या दिवसापासून नाही. खातं आपल्या ताब्यात घ्या, पासवर्ड बदला, मंग बाकीचं.

पांढरं सोनं
अरुणावतीकाठ दादा, पत्रातली नकाराची कारणं शब्दशः टाका. नाव, पासपोर्ट नंबर, अर्ज क्रमांक मात्र टाकू नका. कारण वाचल्याशिवाय कोणीही सल्ला दिला तरी तो अंदाजच.

तोवर एक गोष्ट. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू म्हणजे आपल्याकडचं अपील नव्हे. तहसीलदाराच्या निकालावर एसडीओकडे गेलो की नवे कागद जोडता येतात, बाजू मांडता येते. इथे तसं नाही. मूळ निर्णय देणारा सोडून दुसरा अधिकारी तीच फाईल उघडतो आणि एवढंच पाहतो, की समोर असलेल्या कागदांवर नियम नीट लावला गेला का. फसवणुकीचा किंवा खोट्या कागदाचा ठपका असेल तर नवा पुरावा देता येतो. एरवी नवा कागद जोडला तरी तो विचारात घेत नाहीत. सुनावणी नाही, मुलाखत नाही. फी ८० पौंड, अर्ज ऑनलाइन, आणि एका निर्णयावर एकदाच.

अरुणावतीकाठ
धन्यवाद. ईमेल मुलीच्याच मोबाईलवर आहे, ती काळजी मिटली. कारणं दोन आहेत, मराठीत सांगतो.

एक : लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात नव्हती, बचत खात्यात ती फक्त ११ दिवस दिसते.

दोन : वडिलांशी नातं सिद्ध होत नाही, कारण जन्माचा दाखला इंग्रजीत नाही आणि सोबत भाषांतर नाही.

वस्तुस्थिती अशी. रक्कम आधी मुदत ठेवीत होती. ठेव मोडून त्याच बँकेच्या बचत खात्यात वळवली. ठेव कधीपासून होती आणि कधी मोडली याचं बँकेचं पत्र अर्जासोबत अपलोड केलेलं आहे, पोच आहे. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा जुना, हातानं लिहिलेला, मराठीत. भाषांतर जोडलं नव्हतं हे खरं.

फेरफार
आता चित्र स्पष्ट झालं. दोन्ही कारणं वेगवेगळ्या जातीची आहेत, म्हणून वेगळी धरून बोलू.

पहिलं कारण अधिकाऱ्याची चूक दिसते. एकापेक्षा जास्त खाती चालतात. अट एवढीच, की सगळ्या खात्यांची मिळून रक्कम त्या २८ दिवसांत एकाही दिवशी कमी पडता कामा नये आणि शेवटची शिल्लक अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतली हवी. ठेव हवी तेव्हा मोडता येत असेल तर तीही धरतात. १७ दिवस ठेवीत आणि ११ दिवस बचत खात्यात असा पैसा बँकेच्या पत्रावरून दिसत असेल, आणि ते पत्र आधीच फाईलमध्ये असेल, तर हा मुद्दा रिव्ह्यूत उभा राहतो. फक्त पत्रावर ठेवीचा क्रमांक, खातेदाराचं नाव, तारखा आणि रक्कम आहे ना ते बघा. 'यांची आमच्याकडे ठेव होती' एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर दावा लुळा पडेल.

दुसरं कारण मात्र आपल्या बाजूचं आहे. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर हवं हा नियम स्पष्ट आहे. अधिकारी मनात आलं तर राहिलेला कागद मागून घेऊ शकतो, पण तसं बंधन त्याच्यावर नाही. रिव्ह्यूत आज भाषांतर जोडलं तर तो नवा कागद ठरेल आणि बाजूला पडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : दोन कारणांपैकी एक जरी टिकलं तरी नकार टिकतो. वडिलांचा पैसा धरायला नातं सिद्ध व्हावं लागतं. नातंच सिद्ध नाही, तर त्यांच्या खात्यात कितीही दिवस कितीही रक्कम असो, ती मुलीच्या नावावर धरली जाणार नाही.

गोंदियाचा धान
काही बाळबोध प्रश्न. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून अधिकाऱ्यानं काय शेरा मारला ते मागता येत नाही का? आणि खासदारांच्या पत्रानं काही फरक पडतो का?

पांढरं सोनं
आपला माहिती अधिकार कायदा परदेशी सरकारला लागू नाही. पण यूकेच्या होम ऑफिसकडे, म्हणजे व्हिसा पाहणाऱ्या गृहखात्याकडे, स्वतःविषयीची माहिती मागायचा वेगळा हक्क आहे, त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. फुकट आहे, उत्तराची मुदत साधारण एक महिना. म्हणजे ती माहिती हाती येईस्तोवर रिव्ह्यूचे २८ दिवस उलटून जातात, म्हणून तिची वाट पाहत बसू नये.

खासदार, आमदारांच्या पत्राला तपासणीत जागा नाही. ते नियमातला पुरावा नाही. व्हिसा केंद्रावर जाऊन भांडण्यातही अर्थ नाही. ते केंद्र फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतं, निर्णय त्याच्या हातात नसतो.

बेंबळा
फेरफार यांच्याशी थोडा असहमत आहे. रिव्ह्यू टाकावाच असं माझं मत. निकाल फक्त 'मान्य' किंवा 'अमान्य' असा नसतो, चार प्रकारचा असतो. निर्णय मागे घेतला. निर्णय सगळ्या कारणांसह कायम. निर्णय कायम, पण काही कारणं वगळली. निर्णय कायम, पण कारणं बदलली किंवा नवी घातली. या मुलीला तिसरा प्रकार मिळायची चांगली शक्यता आहे. पैशाचं कारण कागदावरून निघून गेलं तर पुढच्या अर्जात तो डाग राहत नाही. पुढे कॅनडा, जर्मनी कुठेही अर्ज केला तर 'पैसे अपुरे' या शेऱ्यापेक्षा 'भाषांतर नव्हतं' हा शेरा कधीही बरा. चूक त्यांची आहे तर ती त्यांच्याच कागदावर दुरुस्त व्हायला हवी. ८० पौंड त्यासाठी जास्त नाहीत.

फेरफार
बेंबळा ताई, तत्त्व म्हणून तुमचं पटतं. पण कॅलेंडर बघा. रिव्ह्यूच्या निकालाला काही महिनेही लागू शकतात आणि वर्ग जानेवारीत आहेत. रिव्ह्यू चालू असताना नवा व्हिसा अर्ज टाकला की रिव्ह्यू मागे घेतला असं धरतात. म्हणजे दोन्ही वाटांनी एकदम चालता येत नाही. रिव्ह्यू टाकून थांबलं तर जानेवारी हातचा जातो आणि शेवटी दुसरं कारण टिकल्यानं नवा अर्ज करावाच लागतो.

शेरा पुसायचा तर नव्या अर्जासोबत एका पानाचं पत्र जोडून तेच साधता येतं. त्यात तारीखवार तक्ता : अमुक तारखेपासून ठेव, अमुक तारखेला मोडली, त्याच दिवशी बचत खात्यात जमा, शेवटची शिल्लक अमुक. आधीच्या नकाराचा दिनांक, आणि नकारपत्रातला हा मुद्दा कोणत्या कागदावरून खोडला जातो ते. पुढचा अधिकारी हा तक्ता पाहतो.

नकाराचं कारण फक्त पहिलं असतं आणि हातात वेळ असता, तर मीही रिव्ह्यूच म्हटलं असतं.

बेंबळा
प्रवेश सप्टेंबरचा असता तर माझंच खरं ठरलं असतं. जानेवारीचा विचार करता मान्य. पण 'रिव्ह्यूत दम नाही' हे एजंटचं सरसकट वाक्य चूकच आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कागद फाईलमध्ये होता आणि पाहिला गेला नाही, अशा ठिकाणी रिव्ह्यूइतकं स्वस्त आणि नेमकं दुसरं काही नाही.

संत्राबाग
बेंबळा ताईंना अनुमोदन. रिव्ह्यू लिहिताना लोक तीन पानं गाऱ्हाणं लिहितात : बाप शेतकरी, कर्ज काढलं, मुलगी हुशार. कळकळ खरी असते, पण तपासणाऱ्याला त्यातलं काही वापरता येत नाही. प्रत्येक मुद्द्याला चार ओळी पुरतात. नकारपत्रातलं वाक्य, ते कोणत्या नियमाशी जुळत नाही, त्याचा पुरावा अपलोड केलेल्या कोणत्या फाईलच्या कोणत्या पानावर आहे, आणि म्हणून काय निष्कर्ष निघायला हवा होता.

कॅनडावाले काका
थोडं विषयांतर. आईवडिलांना कॅनडातल्या मुलाकडे भेटीला जायचं आहे, पण व्हिजिटर व्हिसा नाकारला. तिथेही असाच रिव्ह्यू आहे का?

पांढरं सोनं
कॅनडात असा ठरलेला रिव्ह्यू नाही काका. पुनर्विचाराची विनंती वेबफॉर्मनं करता येते, पण ती ऐकलीच पाहिजे असा हक्क नाही. खरा कायदेशीर मार्ग फेडरल कोर्टाचा. कॅनडाबाहेर दिलेल्या निर्णयासाठी मुदत ६० दिवस, कोर्टाची फी ५० कॅनेडियन डॉलर, वकिलाचा खर्च निराळा आणि तोच खरा मोठा. जिंकलं तरी कोर्ट व्हिसा देत नाही, फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे परत पाठवतं. म्हणून साध्या भेटीच्या व्हिसासाठी बहुतेकदा सुधारून नवा अर्ज करणंच परवडतं.

त्याआधी अधिकाऱ्याची टिपणं वाचा. जुलै २०२५ च्या अखेरीपासून काही प्रकारच्या नकारपत्रांसोबतच ती येऊ लागली आहेत. आली नसतील तर तिथे राहणारा मुलगा ५ डॉलर भरून मागवू शकतो, आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र लागेल.

तलाठी कार्यालयासमोर
शेतकरी आईवडिलांचा भेटीचा अर्ज का पडतो त्यावर थोडं. 'परत येतील असं वाटत नाही' हे कारण असलं की लोक फक्त सातबारा जोडतात. एकटा सातबारा परक्या अधिकाऱ्याला काही सांगत नाही. ०.८१ हेक्टर आर म्हणजे दोन एकर, हे त्याला कुठून कळणार? जोडायचं ते असं : सातबारा आणि आठ-अ दोन्ही, डिजिटल सहीचे, इंग्रजी भाषांतरासह, क्षेत्र एकरात लिहून. बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या हिशोबपट्ट्या दोन-तीन हंगामांच्या, आणि त्याच रकमा खात्यात जमा झालेल्या दाखवणारी बँकेची नोंद. शेती उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून विवरणपत्र नाही, हे एका वाक्यात स्वच्छ लिहायचं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडताना सावध राहा. शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावर साठ हजार आणि खात्यात बारा लाख, असं दिसलं की दोन्ही कागदांवरचा विश्वास उडतो.

सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील तर आपला हिस्सा किती, तेही लिहा. अजून आजोबाच्याच नावावर जमीन असेल तर आधी वारस फेरफार करा.

गोंदियाचा धान
अमेरिका आणि जर्मनीचंही कोणी सांगेल का? एकाच धाग्यात सापडेल सगळ्यांना.

फेरफार
थोडक्यात. अमेरिकेत २१४(ब) खाली, म्हणजे परत येण्याची खात्री पटली नाही म्हणून, नकार आला तर अपील नाही, परिस्थितीत किंवा कागदांत फरक पडला असेल तर नवा अर्ज. २२१(ग) ची चिठ्ठी मिळाली असेल तर फाईल अजून उघडी आहे. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत द्यायचे, नाहीतर नवा अर्ज आणि नवी फी. जर्मनीत पूर्वी वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा. त्याला रेमॉन्स्ट्रेशन म्हणायचे. १ जुलै २०२५ पासून तो जगभर बंद झाला. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. जुन्या व्हिडिओंत अजून रेमॉन्स्ट्रेशनचे नमुने फिरतात, त्यावर वेळ घालवू नका.

यूकेतही प्रत्येक व्हिसाला रिव्ह्यू नाही. स्टुडंट आणि स्किल्ड वर्करला आहे. भेटीच्या व्हिसाला नाही. नवरा-बायकोच्या व्हिसाला रिव्ह्यू नसतो, ट्रायब्युनलकडे अपील असतं. भारतातून २८ दिवसांत, कागदावर निकाल हवा तर ८० पौंड, सुनावणी हवी तर १४० पौंड. तुमच्या पत्रात जे लिहिलं असेल तोच तुमचा मार्ग.

वऱ्हाडी गडी
आनखी एक, हे काळजावर कोरून ठेवा बाप्पा. नकार लपवू नका. पुढच्या कोन्त्याबी देशाच्या फारमात 'आधी नकार आला होता काय' हा प्रश्न असला तर 'हो' लिहा. एजंट म्हनते 'नाही लिहा, कोनाले कयते?' कयते! यूकेत खोटं सापडलं का दहा वर्सं दरवाजा बंद, कॅनडात पाच. नकार म्हंजे गुन्हा नाही. लपवनं मात्र अंगाशी येते. आन् खोटं बँक स्टेटमेंट बनवून देतो म्हननाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

अरुणावतीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्यांनी धागा वाचला. मुलीनं विद्यापीठाला लिहिलं होतं. उत्तर आलं की नकारपत्र आणि नवे कागद आधी आम्हाला दाखवा, पटलं तर नवा कॅस (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेशाचं प्रमाणपत्र) देऊ. नवा अर्ज करायचं ठरत आहे. दोन शंका. पैसा खात्यात राहायचे २८ दिवस पुन्हा थांबावं लागेल का? आणि पहिल्या वेळी व्हिसा अर्जासोबत यूकेच्या आरोग्यसेवेसाठी भरलेल्या आरोग्य अधिभाराचं काय?

फेरफार
एकदा वापरलेला कॅस नकारानंतर पुन्हा चालत नाही, म्हणून नवा लागतोच. विद्यापीठ आधी कागद मागतं ते बरंच आहे. त्यांच्याकडच्या मुलांना फार नकार आले तर त्यांचा स्पॉन्सर परवाना, म्हणजे परदेशी मुलं घ्यायची परवानगी, अडचणीत येतो, म्हणून ते बारकाईनं तपासतात. उशिरात उशिरा कोणत्या तारखेपर्यंत हजर होता येईल, हेही आत्ताच लेखी विचारून घ्या.

आरोग्य अधिभार नकारानंतर परत येतो, ज्या कार्डनं भरला त्याच कार्डवर. कार्ड एजंटचं होतं का ते बघा. व्हिसा फी परत येत नाही.

२८ दिवस नव्यानं थांबायची गरज नाही. पैसा तेव्हापासून हललेला नसेल तर आजची खातेनोंद काढा, मागचे २८ दिवस आपोआप भरलेले असतील. पण रक्कम बदलली आहे, इकडे लक्ष द्या. ११ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड लागतात, आधी १,१३६ होते. नऊ महिन्यांचे १०,२२४ ऐवजी १०,५३९ पौंड, अधिक कॅसवर दाखवलेली उरलेली शिकवणी फी. फरक ३१५ पौंडांचा. खात्यात काठोकाठ जुनीच रक्कम असेल तर वरची भर टाकल्यापासून २८ दिवस मोजावे लागतील. आज शिल्लक सांगा.

संत्राबाग
रुपयाचा दरही धरा. होम ऑफिस ओआंडा या चलनदराच्या वेबसाइटवरच्या दरानं, अर्जाच्या तारखेचा हिशोब करतं. रुपया घसरला की परवा पुरणारी रक्कम आज अपुरी पडते, आणि हा नकार रिव्ह्यूतही टिकतो. पाच-सात टक्के जास्तच ठेवा.

आणि आत्ता कापूस वेचणीचे दिवस आहेत. मजुरीसाठी त्याच खात्यातून पैसे काढले आणि एक दिवस जरी शिल्लक रेषेखाली गेली तरी २८ दिवस तुटले. पीक कर्जाचं व्याज, विम्याचा हप्ता त्याच खात्यातून आपोआप कापला जात असेल तर तोही पाहा. शिक्षणाचा पैसा वेगळ्या खात्यात, शेतीचा व्यवहार वेगळ्या खात्यात.

अरुणावतीकाठ
शिल्लक नव्या रकमेपेक्षा साधारण आठ टक्के जास्त आहे, ठेव मोडल्यापासून हात लावलेला नाही. वेचणीचा खर्च पतसंस्थेच्या खात्यातून चालतो.

फेरफार
मग थांबायचं काम नाही. पतसंस्थेचं नाव निघालं म्हणून इतरांसाठी लिहितो : पतसंस्थेतली ठेव या कामी दाखवू नये. बँक त्या देशाच्या नियामकाच्या देखरेखीखाली हवी, म्हणजे आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या. पतसंस्था सहकार निबंधकाकडे नोंदलेली असते. जिल्हा मध्यवर्ती बँक चालते, पण खातेनोंद संगणकाची, शिक्क्यासह, खातेदाराचं पूर्ण नाव आणि शाखेचा फोन, ईमेल असलेली हवी. हातानं लिहिलेलं पासबुक नको. ज्यांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं ती १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, त्यांनी जुन्या-नव्या नावाचा मेळ सांगणारं शाखेचं पत्र जोडावं.

तलाठी कार्यालयासमोर
जन्माच्या दाखल्याचं माझ्याकडून. जुना हातानं लिहिलेला ठेवूच नका, ग्रामसेवकाकडून संगणकीकृत दाखला काढा, त्यावर मराठीसोबत इंग्रजीही असते. काढण्याआधी चार गोष्टी नोंदवहीत तपासा : मुलीचं नाव आहे का, कारण जुन्या नोंदींत नुसतंच 'स्त्री' असतं. वडिलांचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का. वडिलांचं नाव बँकेत 'रामराव' आणि दाखल्यावर 'रामा' असेल तर बँकेचं नाव किंवा नोंद, एक काहीतरी दुरुस्त करा. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून इंग्रजी प्रतीसह जोडा.

पांढरं सोनं
आणि तरीही एखादा कागद मराठीत राहिलाच, तर भाषांतराखाली भाषांतर करणाऱ्यानं लिहायचं : हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे. खाली तारीख, पूर्ण नाव, सही, संपर्काचा पत्ता. शिक्के, गोल मोहोर, समासातली नोंद यांचंही भाषांतर करायचं, मजकुरापुरतं नाही. मूळ आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, लागोपाठ ठेवा, म्हणजे एक उघडून दुसरं राहून जायचं नाही.

वडिलांचं संमतीपत्रही नव्या तारखेचं घ्या. त्यात मुलीशी नातं आणि हा पैसा तिच्या शिक्षणासाठी वापरायला हरकत नाही, ही दोन्ही वाक्यं हवीत. ते मराठीत सही करत असतील तर मजकूर मराठीत, सही मराठीत, आणि खाली भाषांतर. क्षयरोग चाचणीचा दाखला सहा महिनेच चालतो, त्याची तारीख आजच बघून ठेवा.

अरुणावतीकाठ
क्षयरोगाचा दाखला सप्टेंबरचा आहे, चालेल. उद्या ग्रामपंचायतीत नोंदवही बघतो, परवा बँकेत जातो. ठेवीच्या पत्रावर ठेवीचा क्रमांक नाही असं आत्ता लक्षात आलं, तेही नव्यानं घेतो.

फेरफार
क्रमांकासोबत 'मुदतीपूर्वी मोडता येणारी ठेव' हे शब्दही घालून घ्या. आणि त्या पत्रावरची रक्कम बचत खात्यातल्या जमा रकमेशी रुपयानिशी जुळू द्या. व्याज किंवा कापलेला दंड धरून आकडा वेगळा येत असेल तर तो फरक कशाचा, ते पत्रातच एका ओळीत लिहायला सांगा.